लॉन मोवरचे इंजिन ऑइल: कोणते, किती आणि कधी बदलायचे

गोव्यातल्या डिचोलीच्या एका बागायतदारांचा प्रश्न थोडक्यात असा: घरापुढच्या लॉनसाठी ढकलायचा पेट्रोल मोवर आहे आणि कुळागरातले रान मारायला खांद्याला अडकवायचा फोर-स्ट्रोक ग्रास कटर. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिले आहे, दुकानदाराने मोटरसायकलचे २०डब्ल्यू-४० दिले, शेजारी म्हणतात एसएई ३०च घाला. मोवरचे ऑइल महिनाभरात काळे होते. आणि या पावसात तर वर काही न ओतताही डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली. यांतले कोणाचे ऐकायचे?

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण बाकीचे प्रश्न चार दिवस थांबतील, हा थांबणार नाही. ऑइल आपोआप वाढत नाही. पातळी वर गेली म्हणजे त्यात दुसरे काहीतरी शिरले आहे, आणि मोवरच्या बाबतीत ते बहुतेक वेळा पेट्रोल असते. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला, ऑइल बोटांवर पाण्यासारखे पातळ लागले, तर ती मशीन सुरू करू नका. दोरी एकदाही ओढू नका.

होते ते असे. टाकी कार्बोरेटरच्या वरच्या उंचीला असते. कार्बोरेटरच्या वाटीत फ्लोट आणि त्याची नीडल असते. वाटी भरली की नीडलने पेट्रोल बंद करायचे. नीडलच्या टोकाला कचरा किंवा हिरवट थर बसला, किंवा रबरी टोक फुगले, की ती पुरती बसत नाही. रात्रभर थेंब थेंब पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरते आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये जाते. आपल्याकडे पावसाळ्यात हे जास्त होते, कारण मशीन आठ-दहा दिवस पडवीत पडून राहते आणि हवेत ओल भरलेली असते. आता पंपावर मिळणारे पेट्रोल बहुतांशी २० टक्के इथेनॉलचे आहे आणि इथेनॉल ओल ओढून घेते. लहान इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते, आणि कार्बोरेटरमधले रबर व पितळ याचा त्रास आधी दाखवतात.

उपाय दोन भागांत करायचा. आधी कार्बोरेटरची वाटी उतरवून नीडल आणि तिची बैठक साफ करा, टोक झिजले असेल तर नीडल बदला. मग सगळे ऑइल काढून नवे घाला. क्रम उलटा केलात तर नवे ऑइलही दोन दिवसांत पातळ होईल. आणि यापुढे काम संपले की पेट्रोलचा कॉक बंद करायचा. टेम्पोतून मशीन नेताना तर नक्कीच, कारण हादऱ्यांनी फ्लोट नाचतो. कॉक नसलेल्या मॉडेलला टाकी आणि कार्बोरेटर यांच्यामधल्या नळीत साधा इनलाइन कॉक बसवता येतो.

वास पेट्रोलचा नसेल आणि ऑइल चहासारखे दुधाळ दिसत असेल, तर ते पाणी. प्रेशरच्या पाण्याने धुताना झाकणातून किंवा ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) गेलेले, किंवा पाच-पाच मिनिटे चालवून बंद केल्यामुळे आतल्या आत साचलेले दव. इंजिन पुरते तापले तर थोडी ओल वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत ती निघत नाही. दुधाळ ऑइल लगेच काढा, नवे घालून वीस मिनिटे चालवा, पुन्हा पाहा. परत पांढुरके झाले तर आणखी एकदा बदलावे लागेल.

आता काळे ऑइल. ही तक्रारच सोडून द्या. चांगल्या ऑइलमध्ये काजळी धरून ठेवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ते काळे होते, आणि तसेच व्हायला हवे. पन्नास तासांनीही मधाच्या रंगाचेच राहणाऱ्या ऑइलची उलट काळजी वाटायला हवी, कारण काजळी मग आत कुठेतरी चिकटून बसली आहे. पाहायचे असेल तर रंगापेक्षा पोत पाहा. थेंब दोन बोटांत चोळा. कण लागले तर धूळ आत जाते आहे, म्हणजे एअर फिल्टर फाटला आहे किंवा नीट बसलेला नाही. आपल्या तांबड्या मातीची धूळ फार बारीक असते; जानेवारीपासून मेपर्यंत सुक्या गवतावर मोवर चालवला की ती फोमच्या फिल्टरमध्येही लवकर भरते. उन्हात धरल्यावर थेंबात चांदीसारखी चमक दिसली तर अॅल्युमिनियम झिजते आहे. नव्या मशीनच्या पहिल्या ऑइलमध्ये अशी थोडी चमक चालते, नंतर चालत नाही.

पातळी एवढी महत्त्वाची का

मोवरच्या इंजिनात मोटारगाडीसारखी सोय नसते. उभ्या क्रँकच्या बहुतेक लहान इंजिनांत ऑइलचा पंप नाही आणि ऑइल फिल्टरही नाही. तळाशी साठलेल्या ऑइलमध्ये एक दातेरी चाक किंवा पाते फिरते आणि ते ऑइल सगळीकडे उडवते. त्या उडालेल्या शिंतोड्यांवर आणि धुक्यावर पिस्टन, क्रँक आणि व्हॉल्व्ह जगतात. कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा असतो आणि मोटारगाडीसारखे वेगळे बेअरिंग न घालता थेट क्रँकच्या पिनवर फिरतो. पातळी खाली गेली, किंवा उतारावर ऑइल एका बाजूला गेले, की शिंतोडे कमी पडतात, रॉड पिनला धरतो आणि तुटतो. तुटलेला रॉड क्रँककेसला भोक पाडून बाहेर आला की दुरुस्तीचा हिशेब करण्यात अर्थ उरत नाही.

त्यात एकूण ऑइल असते किती? होंडाच्या जीसीव्ही १६० इंजिनात ०.५५ लिटर, जीएक्सव्ही १६० मध्ये ०.६५ लिटर. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची घरगुती मोवरवरची लहान इंजिने साधारण ४५० ते ५५० मिलिलिटर घेतात. ग्रास कटरवरच्या होंडा जीएक्स ३५ मध्ये तर फक्त १०० मिलिलिटर, जीएक्स २५ मध्ये ८०. एवढ्याशा ऑइलने वंगणही करायचे, उष्णताही वाहायची आणि घाणही पोटात ठेवायची. त्यामुळे कोणता आकडा छापलेला डबा घ्यावा या वादापेक्षा, जे घातले आहे ते पुरेसे आणि स्वच्छ आहे का, यावर इंजिनाचे आयुष्य जास्त ठरते. गोव्यात बिघडून येणाऱ्या मशीनमध्ये चुकीच्या ग्रेडने गेलेले इंजिन विरळा. कमी ऑइलने, जुन्या ऑइलने आणि जास्त ऑइलने गेलेली रोजची.

मोजण्याची रीत

मोवर सपाट फरशीवर ठेवा. लॉनवर मोजू नका, चाक खड्ड्यात असले की आकडा खोटा येतो. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर पाच-दहा मिनिटे थांबा, वर उडालेले ऑइल खाली उतरू द्या. झाकणाभोवतीचे गवत आणि माती आधी पुसून घ्या. झाकण उघडताच पहिला कचरा आत पडतो तो तिथलाच. डिपस्टिक काढून कोरड्या सुती चिंधीने पुसा.

इथे एक गोष्ट कंपनीप्रमाणे बदलते आणि तिथेच घोटाळा होतो. होंडाच्या जीसीव्ही इंजिनात डिपस्टिक आत घालायची पण पिळायची नाही, नुसती टेकवून बाहेर काढून वाचायची. ब्रिग्जच्या बहुतेक मोवर इंजिनांत ती पूर्ण पिळून घट्ट करायची आणि मग काढून वाचायची. होंडाची पिळून वाचली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणजे ऑइल कमी असूनही तुम्ही समाधानात. ब्रिग्जची न पिळता वाचली तर ऑइल आहे त्यापेक्षा कमी वाटते आणि माणूस वरून ओतत राहतो. चिनी बनावटीच्या मशीनची पुस्तिका हाताशी नसेल तर ठरलेले माप एकदा मोजून घाला, दोन्ही रीतींनी वाचा, आणि कोणती रीत वरच्या रेषेशी जुळते ते झाकणावर रंगाने लिहून ठेवा.

पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवी. दोन खुणांमधले अंतर लिटरभराचे नाही, चहाच्या अर्ध्या कपाचे असते, म्हणून बाटलीतून थेट ओतू नका. थोडे घाला, मिनिटभर थांबा, पुन्हा वाचा. दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी मोजा. हा एक मिनिटाचा खर्च आहे. दिवसभर चालवत असाल तर दुपारच्या जेवणानंतर पुन्हा एकदा.

जास्त झालेले ऑइलही निरुपद्रवी नसते. फिरणारी पाती ते घुसळतात, फेस होतो, आणि फेस वंगण करत नाही. जास्तीचे ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डबीत येते, कागदी फिल्टर भिजतो, मशीन निळसर धूर सोडते आणि गुदमरते. फिल्टर तेलकट दिसला की लोक कार्बोरेटर उघडतात. आधी डिपस्टिक पाहावी. जास्तीचे काढायला मेडिकल दुकानातली मोठी सिरिंज आणि माशांच्या टाकीची बारीक नळी पुरते. भिजलेला कागदी फिल्टर धुवून वापरू नका, बदला.

पाते साफ करायला मोवर आडवा करताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा. उलट्या बाजूला पाडला तर ऑइल सिलिंडरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जाते. नंतर दोरी ओढली की ती अडकते, कारण पिस्टनच्या वर ऑइल भरलेले असते. जोर लावू नका. स्पार्क प्लग काढा, भोकावर चिंधी धरून दोरी सात-आठ वेळा हळू ओढा, ऑइल बाहेर येईल. प्लग पुसून बसवा. सुरू झाल्यावर काही मिनिटे पांढरा धूर निघेल आणि थांबेल. मग पातळी पुन्हा मोजा.

ग्रेडचा वाद

डब्यावरचा १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू होण्यासाठीचा. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. वाळपईच्या जंगलातली जानेवारीतली पहाटही त्याच्या जवळपास फिरकत नाही, त्यामुळे गोव्यात पहिला आकडा जवळजवळ निरर्थक आहे. दुसरा आकडा महत्त्वाचा: १०० अंशांवर ऑइल किती जाड राहते. ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणाचे माप), ४० चे १२.५ ते १६.३. मोवर हवेने थंड होतो, रेडिएटर नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर ३३-३४ अंश असताना उंच गवतात रेटला तर आतले ऑइल सहज शंभरीपार जाते.

आता तुमचे तीन पर्याय. पुस्तिकेतले १०डब्ल्यू-३० योग्य आहे, होंडा तेच सांगते. पण १०डब्ल्यू-३० म्हणजे मुळात पातळ ऑइलमध्ये घट्टपणा टिकवणारी द्रव्ये घातलेली असतात. उष्णतेने आणि घुसळण्याने ती द्रव्ये तुटतात, ऑइल पातळ होते आणि थोडे जळतेही. ब्रिग्जच्या तक्त्यात तर स्पष्ट लिहिले आहे की २७ अंशांच्या वर १०डब्ल्यू-३० वापरल्यास ऑइलचा खप वाढू शकतो, पातळी जास्त वेळा पाहा. आणि २७ अंशांच्या वर म्हणजे आपल्याकडे जवळपास वर्षभराची दुपार. शेजाऱ्यांचे एसएई ३०सुद्धा बरोबरच आहे. ब्रिग्ज ते ४ अंशांच्या वर चालते म्हणते, आणि त्यात तुटणारी द्रव्ये नसल्याने ते उन्हात टिकून राहते. अडचण एवढीच की आपल्या दुकानांत मोनोग्रेडचा, म्हणजे एसएई ३०सारखा एकच आकडा असलेला, डबा बहुधा शेतीपंपासाठीचा असतो आणि त्यावर सीसी किंवा सीएफ अशी फक्त डिझेलची अक्षरे असतात. पेट्रोल इंजिनाला एपीआय (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था) या अक्षरांपुढे ‘एस’ने सुरू होणारी जोडी लागते: किमान एसजे, किंवा त्यानंतरची एसएल, एसएम, एसएन. २०२० मध्ये एसपी आली, २०२५ मध्ये एसक्यू, आणि नवे अक्षर जुन्या इंजिनाला चालते.

दुकानदाराने दिलेले २०डब्ल्यू-४० अजिबात विष नाही. इंजिन थोडे जड फिरेल, सुरुवातीची दोन मिनिटे ऑइल जरा सावकाश उडेल, एवढेच. दोन-तीन पावसाळे काढलेल्या, थोडे ऑइल पिणाऱ्या मोवरला ते उलट सोसते. नव्या आणि वॉरंटीतल्या मशीनला मात्र पुस्तिकेतलेच घाला आणि बिल जपून ठेवा. ग्रास कटरच्या लहान इंजिनात ४० ग्रेड टाळलेले बरे. त्याचे ऑइल धुक्याच्या रूपाने फिरते आणि वाटा अरुंद असतात.

मोटरसायकलचे ऑइल मोवरला का चालते, हा प्रश्न रास्त आहे. बाइकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमबी असते. एमए ओल्या क्लचसाठी, क्लच घसरू नये म्हणून. एमबी स्कूटरसाठी, ते थोडे जास्त निसरडे. मोवरच्या ऑइलमध्ये क्लच बुडालेला नसतो, म्हणून दोन्ही चालतात. स्कूटरसाठीचा १०डब्ल्यू-३० एमबीचा ८०० मिलिलिटरचा डबा म्हापशापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो. जीसीव्ही १६० ला एकदा बदलायला तो पुरतो आणि वर घालायला २५० मिलिलिटर उरते. बहुतेकांसाठी मी हाच सुचवतो. रिसॉर्ट, क्रीडांगण किंवा कंत्राटी कामासाठी रोज चार-पाच तास चालणाऱ्या मोवरला सिंथेटिक ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-३० चे पैसे वसूल होतात, कारण ते उष्णतेत कमी उडते आणि घट्टपणा टिकवते. पण सिंथेटिक आहे म्हणून बदलण्याचे तास दुप्पट करू नका. फिल्टर नाही, धूळ तेवढीच आत जाते, आणि धुळीला ऑइलची किंमत कळत नाही.

डिझेल गाडीचे १५डब्ल्यू-४० घरात असेल आणि डब्यावर सीआय-४ बरोबर एसएल किंवा तत्सम अक्षरेही असतील तर अडीनडीला घाला. गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्राइंडरचे ऑइल, गॅरेजमध्ये बॅरलमधून मिळणारे सुटे ऑइल, हे काहीही नको. ऑइलमध्ये टाकायच्या जादूच्या बाटल्याही नकोत. आणि रॉकेलने इंजिन ‘धुवून’ घेण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारा. रॉकेलचा अंश खोबणीत राहतो आणि नव्या ऑइलला पहिल्या मिनिटापासून पातळ करतो.

बदलायचे कधी

जीसीव्ही मालिकेसाठी होंडाचे वेळापत्रक पहिला महिना किंवा ५ तास, मग दर ६ महिन्यांनी किंवा ५० तासांनी, जे आधी येईल ते. जड काम किंवा उष्ण हवा असेल तर २५ तास. गोव्यात २५ हाच आपला आकडा समजा, किमान जून ते ऑक्टोबर. पहिला बदल चुकवू नका. नव्या इंजिनाच्या घासणीतला धातूचा भुसा त्याच ऑइलमध्ये असतो. तास मोजायला वेगळे यंत्र लागत नाही. दर आठवड्याला एक तास कापणी करणाऱ्या घरगुती लॉनला वर्षाला दोन बदल पुरतात: एक मेअखेरीस, पावसाच्या आधी, आणि दुसरा चवथीच्या सुमारास, जेव्हा गवताने सगळ्यांत जास्त दमवलेले असते. ओल्या गवतावर भार बराच वाढतो. शिवाय फ्लायव्हीलच्या जाळीत आणि सिलिंडरच्या पंखांत ओले गवत चिकटून थंड हवा अडते. ऑइल बदलताना ती जाळीही ब्रशने साफ करा, नाहीतर चांगले ऑइलही भाजते.

बदलण्याची कृती अशी. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करा, गार ऑइल तळाशी घाण सोडून निघते. बंद करून प्लगची कॅप काढून बाजूला बांधा. पात्याशी हात जाणार असतो, ही पायरी गाळायची नाही. टाकी जवळजवळ रिकामी ठेवा, किंवा टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून झाकण घट्ट करा, म्हणजे तिरके करताना पेट्रोल सांडणार नाही. खाली ड्रेन बोल्ट असेल तर तो सोडा. नसेल तर कार्बोरेटर वर ठेवून, ऑइल भरायच्या नळीच्या बाजूला मशीन झुकवा आणि ऑइल पसरट भांड्यात निथळू द्या. पाच मिनिटे द्या, घाई नको.

निघालेले ऑइल खुणा असलेल्या बाटलीत ओतून मोजा. हे फार थोडे लोक करतात आणि यातूनच सगळ्यांत जास्त कळते. ५५० घातले होते आणि ३०० च निघाले तर इंजिन बराच काळ अर्धपोटी चालले आहे. मग ते जळले की गळले ते शोधा. इंजिनाखाली, पात्याच्या वरच्या भागात तेलकट चिखल असेल तर क्रँकचे खालचे सील गेले. बाहेर कोरडे आणि सायलेन्सरमधून निळा धूर असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह. सुरू करताना फक्त एक भपकारा निळा येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून उतरते. त्यावर लगेच इंजिन उघडायची गरज नाही. सतत धूर, पंचवीस तासांत शंभर-दीडशे मिलिलिटर वर घालावे लागणे, आणि दोरी ओढताना हाताला दाब न लागणे, हे तिन्ही एकत्र आले तर मेकॅनिककडे न्या.

ड्रेन बोल्टचा वॉशर बदला किंवा निदान पुसून पाहा. बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसतो, त्यामुळे जोर लावून पिळला तर आटे जातात. भरताना ठरलेल्या मापाच्या नव्वद टक्के आधी घाला, कारण थोडे जुने आत राहिलेले असते. दोन मिनिटांनी मोजा, हळूहळू वर आणा. एक मिनिट चालवा, बंद करा, पुन्हा मोजा. नरसाळे कोरडे हवे. पावसाळ्यात शेडमध्ये उघडे पडलेले नरसाळे आणि अर्धवट झाकलेला डबा यांतून जेवढे पाणी इंजिनात जाते तेवढे आकाशातूनही जात नाही. उरलेला डबा घट्ट बंद करून घरात ठेवा.

तुमचा ग्रास कटर

फोर-स्ट्रोक ग्रास कटरचे १०० मिलिलिटर ऑइल हा मोवरपेक्षा नाजूक हिशेब आहे. वीस मिलिलिटर उडाले तर पाचवा भाग गेला. जीएक्स ३५ मध्ये मोजायची रीत वेगळी आहे: मशीन असे टेकवा की इंजिन आडवे, समपातळीत राहील, झाकण उघडा, ऑइल भोकाच्या कडेपर्यंत आलेले दिसले पाहिजे. भिंतीला टेकवून किंवा माडाच्या बुंध्याशी तिरके ठेवून पाहिले तर काहीही दिसेल. कंपनी पहिला बदल १० तासांनी आणि पुढे ५० तासांनी सांगते. पण काजूच्या बागेत रान मारताना माणूस दिवसाला पाच तास चालवतो, म्हणजे ५० तास दहा दिवसांत संपतात. अशा कामाला दर आठवड्याच्या सुट्टीला बदलून टाका. एका लिटरच्या डब्यात दहा बदल होतात. मजुरांवर सोपवले असेल तर ‘ऑइल पाहा’ एवढे सांगून भागत नाही, कारण वर घालणे म्हणजे बदलणे असाच समज असतो. १०० मिलिलिटरच्या भरलेल्या बाटल्या तयार करून द्या, आणि रिकाम्या बाटलीत जुने ऑइल परत मागा. परत आले म्हणजे बदलले. खालच्या पात्याजवळच्या गिअरला मात्र ऑइल नाही, लिथियम ग्रीस लागते.

आणि आधी खात्री करा की तुमचा कटर खरोखर वेगळ्या ऑइलचा फोर-स्ट्रोक आहे. स्टिल (STIHL) कंपनीच्या फोर-मिक्स इंजिनांचा आवाज फोर-स्ट्रोकचा असतो, पण त्यांत ऑइलची टाकीच नाही. ती पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवर चालतात. अशा आणि टू-स्ट्रोक मशीनला ५०:१ म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, ४०:१ म्हणजे २५, २५:१ म्हणजे ४०. प्रमाण टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत असते. इथे गोव्याचा एक खास घोळ आहे. मासेमारीच्या होड्यांवरच्या आउटबोर्ड इंजिनांसाठीचे टूटी (टू-स्ट्रोकचे) ऑइल किनाऱ्यावर सहज मिळते आणि कोणीतरी बाटलीभर देतो. त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेले असते. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी आहे. हवेने तापणाऱ्या कटरमध्ये ते उष्णता सोसत नाही, पिस्टनवर ओरखडे पडतात, रिंगा चिकटतात. कटरला जासो एफसी किंवा एफडी लिहिलेलेच घ्या. घरात दोन्ही जातींच्या मशीन असतील तर मिसळलेल्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवा. साधे पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेले तर काही मिनिटांत पिस्टन धरतो. उलट चूक झाली तर मोवर धूर काढेल, प्लग काळा होईल, पण मरणार नाही.

जुने ऑइल पोफळीच्या आळ्यात किंवा गटारात ओतू नका, आणि वाळवी मारायला दाराच्या चौकटीलाही फासू नका. आपल्याकडे विहिरी घराला लागून असतात आणि जांभा पाणी झिरपू देतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून, पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेला देणाऱ्या दुचाकीच्या गॅरेजकडे पोहोचवा. पाणी मिसळलेले ते घेत नाहीत.